शर्मनचा १२० क्रमांकाचा हुकूम: शिस्त की लुटीचा परवाना?

अमेरिकी यादवीत (उत्तरेची राज्यं विरुद्ध गुलामगिरी राखणारी दक्षिणेची राज्यं) ९ नोव्हेंबर १८६४ रोजी उत्तरेच्या जनरल शर्मनने दक्षिणेतल्या जॉर्जियातल्या किंग्स्टनहून आपल्या अधिकाऱ्यांसाठी हा हुकूम काढला. शत्रूच्या मुलखातून समुद्रकिनाऱ्यावरच्या सव्हाना शहरापर्यंतची कूच: सुमारे ६२,००० सैनिक, रोजची चाल १५ मैल, मागून रसद नाही. दाणावैरण वाटेतल्या मुलखातून सढळ हाताने घ्यायची. त्याच कागदावर हेही लिहिलंय की शिपायांनी कुणाच्या घरात शिरू नये, धमकावू नये, प्रत्येक कुटुंबाला पोटापुरतं ठेवावं. माझ्या मते ही बंधनं पहिल्याच दिवशी निकालात निघाली. पोटापुरतं म्हणजे किती, हे ठरवणार कोण? दारात उभा असलेला भुकेला शिपाईच ना! शर्मनने स्वतः नुकसान १० कोटी डॉलरचं धरलं. त्यातलं सैन्याच्या कामी आलं २ कोटींचं, बाकी निव्वळ नासधूस, असं तोच अहवालात लिहितो.

प्रतिसाद १
साफ असहमत. धान्य गोळा करायला प्रत्येक ब्रिगेडने समंजस अधिकाऱ्याच्या हाताखाली टोळी नेमायची होती. घरं, गिरण्या पाडायचा अधिकार फक्त कोअर कमांडरला, म्हणजे अनेक ब्रिगेडी हाताखाली असलेल्या वरिष्ठ सेनापतीला. घोडे-खेचरं नेताना श्रीमंत आणि गरीब कष्टकरी यांत फरक करा, हेही त्यात आहे. तिकडे व्हर्जिनियात पीटर्सबर्गच्या खंदकांत उत्तरेचा सरसेनापती ग्रँटची माणसं महिनोन्‌महिने मरत होती. इथे रूळ तापवून झाडांना गुंडाळले आणि शत्रूचा दाणागोटा तोडला. रूळ गेले, माणसं वाचली.

प्रतिसाद २
तुम्ही दोघं मळेवाल्यांच्या कोठारांवरून भांडताय. तिथे राबणाऱ्या गुलामांचं काय? हुकूम म्हणतो, धडधाकट आणि कामाचे असतील त्यांना सोबत घेता येईल, पण रसदीवर पहिला हक्क सैन्याचा. मग बायका-पोरांनी, म्हाताऱ्यांनी जायचं कुठे? ९ डिसेंबरला जॉर्जियातल्या एबनेझर क्रीक या ओढ्यावर शर्मनच्याच जनरल जेफरसन सी. डेव्हिसने सैन्य पार होताच तरंगता पूल काढून घेतला. सैन्यामागून आलेली शेकडो गुलाम माणसं मागे अडकली, त्यांच्यामागे दक्षिणेच्या व्हीलरचं घोडदळ. लोकांनी गारठलेल्या पाण्यात उड्या टाकल्या, कित्येक बुडाले. डेव्हिसला शिक्षा झाली नाही.

प्रतिसाद १
एबनेझर क्रीकचं समर्थन मी करणार नाही. पण १६ जानेवारी १८६५ ला मुक्त झालेल्या कुटुंबांना किनाऱ्यावर ४० एकरांपर्यंत जमीन देणारा हुकूमही शर्मनचाच.

प्रतिसाद २
त्याच्या चार दिवस आधी सव्हानात २० कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांना तोंडावर सांगितलं होतं, आम्हाला जमीन हवी. श्रेय आधी त्यांना द्या. आणि त्याच वर्षी लिंकननंतरचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी बहुतेक जमिनी जुन्या मालकांच्या घशात घातल्या.