शब्दचर्चा : जमीनदार, सरंजामदार की भूस्वामी?

प्रश्न : इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातील होल्कम येथील मोठे जमीनमालक आणि शेतीसुधारक टॉमस विल्यम कुक (१७५४–१८४२) यांच्यावर मी लेख लिहीत आहे. त्यांच्यासाठी ‘जमीनदार’ हा शब्द वापरावा का? ‘सरंजामदार’ अधिक योग्य ठरेल, असे एका स्नेह्यांनी सुचवले आहे.

उत्तर : ‘सरंजामदार’ मुळीच वापरू नये. सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी लावून दिलेला महसूल. तो राज्यकर्त्याच्या मर्जीवर असे आणि चाकरी संपली की जप्तही होई. कुक यांना १७७६ मध्ये वडिलांच्या पश्चात मिळालेली सुमारे ३०,००० एकरांची मालमत्ता कोणत्याही चाकरीशी बांधलेली नव्हती. ‘उमराव’ हा शब्दही जपून वापरावा लागेल, कारण लेस्टरचे अर्ल हा किताब त्यांना १८३७ मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीच्या सुमारास मिळाला; तोपर्यंत ते बिनकिताबी गृहस्थ होते, १८३२ पर्यंत बहुतेक काळ हाउस ऑफ कॉमन्समध्ये बसत आणि ‘नॉरफकचे कुक’ एवढीच त्यांची ओळख पुरेशी होती.

राहिला ‘जमीनदार’. पेशवाईतील कागदपत्रांत हा शब्द देशमुख-देशपांड्यांसारख्या वंशपरंपरागत परगणा-अधिकाऱ्यांसाठी येतो, तर बंगालमध्ये १७९३ च्या कायमधाऱ्यानंतर तो सरकारात ठरीव सारा भरणाऱ्या मालकाला लागला. आज मात्र तो ऐकताच कुळांना नागवणारा माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि कुक यांच्याबाबतीत ते चित्र अन्यायाचे ठरेल. म्हणून ‘भूस्वामी’ हा शब्द मला सर्वांत निर्दोष वाटतो.

पुरवणी : माझ्या मते खरी अडचण त्यांची जमीन कसणाऱ्यांना काय म्हणावे, ही आहे. ‘कूळ’ म्हटले की आपल्याला १९४८ चा कूळकायदा आणि ‘कसेल त्याची जमीन’ हे सूत्र आठवते, म्हणजेच तुटपुंज्या जमिनीवर राबणारा, केव्हाही बेदखल होऊ शकणारा शेतकरी. होल्कमचे मोठे शेतकरी तसे नव्हते. स्वतःचे भांडवल गुंतवून ते शेकडो एकर जमीन कसत, मजूर ठेवत, आणि बहुधा एकवीस वर्षांच्या लेखी करारामुळे सुधारणांवर केलेला खर्च भरून निघण्याची त्यांना शाश्वती असे; त्या करारात पिकांच्या फेरपालटीच्या अटीही घातलेल्या असत. ‘खंडकरी’ हा शब्द जवळचा वाटला, तरी अहिल्यानगरकडील (पूर्वीचे अहमदनगर) वाचक फसेल, कारण तिथे खाजगी साखर कारखान्यांना जमीन खंडाने देणाऱ्या मूळ मालकांनाच खंडकरी म्हणतात, म्हणजे अर्थ नेमका उलटा होतो. त्यामुळे ‘पट्टेदार शेतकरी’ असे लिहावे आणि पहिल्या उल्लेखातच दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याचा खुलासा करावा.

उत्तर : ‘पट्टेदार’ मलाही पटते. त्याच ओघात आणखी एक विनंती आहे : ‘इंग्लंडच्या कृषिक्रांतीचे जनक’ असे कुक यांचे वर्णन करू नये. फेरपालटीची आणि लांब मुदतीच्या पट्ट्यांची पद्धत होल्कमला त्यांच्या आधीच रुजलेली होती, हे नंतरच्या इतिहासकारांनी जमाखर्चाच्या कागदांवरून दाखवले आहे. ‘प्रसारक’ हा शब्द मात्र त्यांना सर्वार्थाने शोभतो. मेंढ्यांची लोकर कातरण्याच्या निमित्ताने होल्कमला दरवर्षी भरणाऱ्या आणि १८२१ पर्यंत चाललेल्या मेळाव्यांना दूरदूरचे शेतकरी येत. तिथे अवजारे, जनावरे आणि पिके प्रत्यक्ष पाहून त्यांवर चर्चा होई. त्यांच्या निधनानंतर वर्गणीतून उभारलेल्या स्मारकस्तंभाच्या चार कोपऱ्यांवर बैल, मेंढ्या, नांगर आणि पाभर कोरलेली आहेत. तिथल्या पेरणीयंत्राला मी बिनदिक्कत ‘पाभर’ म्हणतो, कारण दोन्हींचे काम ओळीत बी पेरण्याचेच आहे.