पाठ टाचण 15 मिनिटांत संपलं, पुढे काय करायचं?

टीचर ट्रेनिंगच्या लेक्चरला पियाजे, वायगॉट्स्की (मुलं कशी शिकतात ते सांगणारे मानसशास्त्रज्ञ) सगळं कळतं, पण प्लेसमेंटला, म्हणजे शाळेत सराव पाठ घ्यायला, वर्गात उभी राहिले की डोकं ब्लँक. काल 40 मिनिटांचं टाचण 15 मिनिटांतच उरकलं, मागे गाइड टीचर वहीत काहीतरी लिहितायत आणि मुलं नुसती बघतायत. तुमचंही असं झालेलं का?

– सगळ्यांचंच होतं गं. प्रश्न विचारून उत्तर पण तूच देत असशील, मी तेच करायचो. विचारल्यावर मनात 3 सेकंद मोज, अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांचं संशोधनच आहे यावर, थांबलं की मुलं जास्त बोलतात. जीवघेणी शांतता असते पण ती.

– वहीत काय लिहिलं ते विचार ना सरळ! माझ्या मॅडमनी लिहिलेलं, 'फळ्याशी बोलतेस, मुलांशी नाही.' जाम लागलं होतं.

– विचारलं. खडू संपलेत म्हणून यादी करत होत्या 😅