ट्रेनरने घोडा मागे घेतला, तर सांगितलेल्या कारणावर किती विश्वास ठेवावा?

हिस्सेदार :
एका घोड्यात माझा लहानसा हिस्सा आहे. गेल्या महिन्यात शर्यतीच्या दिवशी सकाळी ट्रेनरने त्याला स्क्रॅच केले, म्हणजे शर्यतीतून मागे घेतले, आणि आम्हाला ‘ताप आहे’ एवढेच कळवले. दोनच दिवसांनी सरावाच्या वेळा पाहिल्या, तर तोच घोडा चार फर्लांग (सुमारे ८०० मीटर) जोरात पळवलेला दिसला. त्या शर्यतीत त्याला अगदी बाहेरची गेट, म्हणजे सुरुवातीची गैरसोयीची जागा, मिळाली होती, हेही मला नंतरच समजले. खरे कारण तेच असेल, तर ते सांगायला काय हरकत होती?

पागेतला :
मी काही वर्षे तबेल्यात काम केले आहे, म्हणून आधी ट्रेनरची बाजू मांडतो. पहाटे ट्रेनर घोड्यापाशी उकिडवा बसून दोन्ही पुढच्या पायांच्या मागच्या कंडरेवरून हात फिरवतो आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित गरम लागला, तरी घोडा काढून घेतो. ही ऊब कागदावर दाखवता येत नाही, त्यामुळे पटकन समजेल असे कारण दिले जाते. तुमच्या बाबतीत मात्र शंका रास्त आहे. निरोगी घोड्याचे तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते आणि खरोखर ताप येऊन गेलेल्या घोड्याला दोन दिवसांत कोणी जोरात पळवत नाही. तबेल्यात तापमानाची वही असते, ती मागा.

जुना प्रेक्षक :
माझ्या मते खोटेपणा बहुतेक वेळा माघारीत नसून एन्ट्रीतच, म्हणजे शर्यतीसाठी नाव देण्यातच, असतो. अमेरिकेत शर्यतीसाठी पुरेसे घोडे मिळत नसतील, तर शर्यती आखणाऱ्या रेसिंग ऑफिसातून ट्रेनरला फोन जातात, आणि पुढे आपल्यालाही त्याच ऑफिसाची गरज लागणार हे ठाऊक असल्यामुळे तो पळवण्याचा फारसा विचार नसलेल्या घोड्याचेही नाव देऊन टाकतो. मग गेट वाईट निघाली किंवा प्रतिस्पर्धी भारी आले, की घोडा अचानक आजारी पडतो. पावसामुळे हिरवळीवरची शर्यत मातीच्या ट्रॅकवर हलवली, तर होणारी माघार उघड आणि समजण्याजोगी असते. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

आकडेमोड :
पैसे लावणाऱ्याला याची झळ थेट बसते. ब्रिटनमधील प्रचलित अटींनुसार आठ घोडे धावले, तर पहिल्या तीन क्रमांकांवर प्लेसचे (घोडा जिंकला नाही तरी वरच्या क्रमांकात आल्याचे) पैसे मिळतात; ऐनवेळी एक घोडा गळून सात उरले, की तिसरा क्रमांक कोरडा जातो. शिवाय फेवरिट, म्हणजे जिंकण्याची सर्वाधिक अपेक्षा असलेला घोडा, मागे घेतला गेला, तर उरलेल्या घोड्यांवर आधी ठरलेल्या भावाने लावलेल्या पैजांच्या जिंकलेल्या रकमेतून कपात होते. तिथे ट्रेनरला पशुवैद्याच्या दाखल्याशिवाय, स्वतःच्या प्रमाणपत्रावर घोडा काढता येतो, पण माघारीचे प्रमाण सरासरीपेक्षा फार वाढले, तर ती सवलत काढून घेण्याची तरतूद आहे. हा मार्ग मला पटतो, कारण एकेका घोड्याचा ताप कोणी तपासू शकत नाही, पण एकाच ट्रेनरचे वर्षभराचे ताप मोजता येतात.

हिस्सेदार :
वहीतल्या पानाचा फोटो आज मिळाला. त्या सकाळची नोंद ३८.१ आहे. त्याच संदेशात, कसलाही खुलासा न करता, पुढच्या आठवड्याची एन्ट्री दिल्याचेही कळवले आहे.