मदत हवी आहे: मुलीने ऑरगॅनिकचा अवघड पेपर घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

मुलगी एस.वाय.बी.एस्सी.ला आहे, मेजर मायक्रोबायोलॉजी. पुढच्या सेमिस्टरला ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा पेपर घ्यायचा की दुसरा सोपा, हे शुक्रवारपर्यंत कळवायचंय. ऑरगॅनिकला दरवर्षी बऱ्याच मुलांना केटी लागते म्हणे. एम.एस्सी.चे प्रवेश मार्कांवर होतात, त्यात बदलापूरहून रोजची लोकल. मला धास्ती वाटते.

मी कॉमर्सचा. यंदा केमिस्ट्रीच्या पहिल्या टेस्टला तिला २० पैकी ७ मिळाले, तेव्हा मीच म्हटलं होतं, सोडून दे. प्रश्न होता ३-मिथिल-१-ब्युटीन या संयुगाला एचबीआर (हायड्रोजन ब्रोमाइड) जोडण्याचा. मार्कोव्हनिकोव्हचा नियम (दुहेरी बंधातल्या ज्या कार्बनवर जास्त हायड्रोजन, त्यालाच नवा हायड्रोजन; उरलेल्याला ब्रोमिन) तोंडपाठ, त्याप्रमाणे तिने ब्रोमिन दुसऱ्या कार्बनवर बसवला आणि मार्क गेले. तीन दिवस तेच डोक्यात. मग एका रात्री जेवता जेवता उठली, लाइट बिलाच्या मागे बाण काढून मला दाखवायला लागली: "बाबा, ब्रोमिन यायच्या आधीच शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन दोन इलेक्ट्रॉन घेऊन सरकतो. मग धन प्रभार त्या शेजारच्या कार्बनवर जातो, तिथे तो जास्त स्थिर असतो. म्हणून ब्रोमिन तिसऱ्यावर!" भात गार झाला होता. दहावी-बारावीला इतके क्लास लावले, पण उत्तर असंच का येतं यासाठी अशी झटताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

ती म्हणते, पेनिसिलिनसुद्धा याच बाणांनी समजतं. त्यात चार अणूंचं ताणलेलं कडं असतं. जिवाणूची भिंत विणणारं एन्झाइम त्या कड्याला धरायला जातं आणि कायमचं अडकतं. काही जिवाणू ते कडं आधीच फोडतात, म्हणून औषध लागू पडत नाही. हे ऐकल्यावर "सोड" म्हणायला माझी जीभ रेटत नाहीये.

तुमच्यापैकी बायोलॉजीकडे गेलेल्यांनी कृपया सांगा, पुढे लॅबमध्ये किंवा फार्मा कंपनीत या विषयाचा खरंच उपयोग झाला का? मार्क थोडे कमी आले तर एम.एस्सी.ला फार नडतं का? आणि गाडीत उभ्याने जाताना अभ्यास होत नाही, तर रोज घरी किती वेळ द्यावा लागेल?

अजून एक. रेणू जोडायचं रंगीत गोळ्यांचं मॉडेल किट तिला हवंय. प्रिन्सेस स्ट्रीटला लॅबच्या सामानाच्या दुकानात मिळेल का? शनिवारी जाणार आहे.