मूळ माहीत नसलेला तुकडा संग्रहात ठेवावा का?

कातळसडा: कवितेच्या ओळी असोत, सिनेमातला प्रसंग असो की विज्ञानातली गोष्ट, मूळ सापडत नसेल तर तुकडा साठवूच नये. आपल्याच किनाऱ्यावरचं बघा. ‘१८ ऑगस्ट १८६८ला लॉकियरसाहेबांनी विजयदुर्गावरून हेलियम शोधला’ हा मजकूर दर ऑगस्टला फिरतो. त्या दिवशीच्या सूर्यग्रहणाला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर होते इंग्लंडात, आणि जिच्यावरून हेलियम ओळखला गेला ती सूर्याच्या वर्णपटातली पिवळी रेषा त्यांनी २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना पाहिली. विजयदुर्गला ते आले ते २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी. दोन ग्रहणं एकात मिसळली. तारीख, माणूस, जागा सगळं सुटंसुटं खरं, म्हणून शंकाच येत नाही.

खाडीपलीकडे: अजिबात पटलं नाही. मग नमन-खेळे, जाखडी, दशावतार या कोकणातल्या लोककलांमधली पदं कुठे ठेवायची? त्यांना ना पुस्तक, ना पान. विजयदुर्गाचा मजकूरही टाकू नका. ‘अपुष्ट’ अशी खूण करून ठेवा, खाली दुरुस्ती लिहा. पुढच्या ऑगस्टला तो पुन्हा येईलच, तेव्हा उत्तर हाताशी हवं.

कातळसडा: पदांनाही मूळ असतं: गाव, वाडी, मंडळ, गाणारा, तारीख. रेकॉर्डिंग सुरू होताच आधी हे मोठ्याने बोलून घ्यावं. फाइलीचं नाव कुणी बदललं तरी आवाजातली नोंद जात नाही.

माडाखाली: माहिती बहुतेकदा पाठवताना हरवते, त्याकडेही बघा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, तारीख-ठिकाण पुसलं जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आवाज ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्हमध्ये, म्हणजे न दाबलेल्या फाइलीत घ्या. स्टिरिओला मिनिटाला साधारण १७ एमबी लागतात. तिची फ्लॅक, म्हणजे काही न गमावता दाबलेली फाइल केली की जागा बरीच वाचते, आवाज तसाच राहतो. वेबपानाचा नुसता दुवा पुरत नाही, पान हललं की तो मेला. वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावर पान जतन करून तो दुवाही शेजारी लिहा. पावसाळ्यात हार्ड डिस्क हवाबंद डब्यात, सिलिका जेल घालून ठेवा, आणि एक प्रत दुसऱ्या गावी असू द्या.

खाडीपलीकडे: कवितांचं एक वेगळं आहे. मालगुंडचे केशवसुत १९०५ला गेले, त्यांच्या कविता पूर्ण उतरवून सगळ्यांसाठी ठेवता येतात. आरती प्रभू १९७६ला गेले. आपल्या कायद्यात मृत्यूनंतरची ६० वर्षं मोजतात, म्हणजे २०३६ अखेरपर्यंत हक्क आहेत. तिथे दोन-चार ओळी, संग्रहाचं नाव, पान, एवढंच. पण ओळ कुणाची तेच ठाऊक नसेल तरी मी ती ठेवेन. ओळखणारा वाचक कधीतरी भेटतो. खोडलेली ओळ कोण ओळखणार?

कातळसडा: ओळींपुरतं मान्य. मात्र ‘अपुष्ट’ ही खूण फोल्डरच्या नावात ठेवू नका; तुकडा पुढे पाठवला की ती मागेच राहते. मजकुराच्या पहिल्याच ओळीत लिहा. विज्ञानाच्या बाबतीत मात्र माझं उत्तर अजूनही ‘नको’च आहे.