रॅम्पवर गाडी घासली की दोष ड्रायव्हरचाच? काहीतरीच!

काटकोन: परवा इथे एकाने ठणकावून लिहिलं, 'रॅम्पच्या दोन्ही टोकांना हलका उतार ठेवणं म्हणजे जागेची नासाडी. गाडी तिरकी घ्यायला शिका, घासणार नाही.' दोन दिवस गप्प बसलो, आता लिहितोच.

तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरणारा २० टक्क्यांचा रॅम्प घ्या, म्हणजे मीटरमागे २० सेंटिमीटर उतार. गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २.६ मीटर. वरच्या टोकाला हा उतार सपाट स्लॅबला थेट भिडवला, की कड बरोबर दोन चाकांच्या मधोमध येते तेव्हा ती चाकांच्या रेषेपेक्षा जवळपास १३ सेंटिमीटर वर असते. कागदावरचा क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाची जमिनीपासून उंची, १६-१७ सेंटिमीटर असेल, पण डिकी भरून पाच जण बसवा आणि मग मोजा. माझ्या गाडीचा इंजिनाखालचा ऑइल चेंबर असाच फुटला. लग्नाला निघालो होतो, पोचलो रिक्षाने. मध्ये ३ मीटर लांब, निम्म्या म्हणजे १० टक्के उताराचा टप्पा टाकला, की एका कडेच्या दोन होतात आणि प्रत्येकीला साडेसहा सेंटिमीटरच लागतात.

तिरकी_चाल: तो 'एक' मीच. वर ३, खाली ३, असे ६ मीटर फुकट घालवायचे? ती जागा तुम्ही देणार का?

काटकोन: अहो, टप्पासुद्धा खालीच उतरतो ना! तळघर ३ मीटर खोल असेल तर सरळ रॅम्प १५ मीटर, दोन्ही टप्प्यांसह १८. तीनच मीटर वाढले. आणि एकपदरी रॅम्पला दोन्हीकडून भिंत, गाडी तिरकी घेऊ कुठे, भिंतीवर?

तळमजलेवाली: गणितं होऊ द्या तुमची. रॅम्पच्या तोंडावर पावसाचं पाणी खाली घेणाऱ्या लोखंडी जाळीचं कोणी बोलेल का? आमची बेडरूम बरोबर वर. रात्री अडीचला कोणीतरी येतो आणि खडाड्-खट्! पुढचं चाक, मग मागचं.

स्कूटरस्वार: ताई, तुमची झोप जाते, माझा गुडघा गेलाय. ओल्या जाळीवर ब्रेक दाबला आणि थेट खाली. जाळ्या काढून टाका.

काटकोन: काढून टाका, मग तळघरात होड्या लावा.

गवंड्याचा_पोरगा: जाळी वाजते कारण खालच्या चौकटीत वाळू-खडी अडकते. एक कोपरा अधांतरी राहतो, चाक पडलं की खटका. चौकट साफ करा, रबर घाला, बोल्टने आवळा.

तळमजलेवाली: आमच्याकडे वेल्डिंग केलं होतं. सहा महिने शांतता. मग गाळ काढता येईना म्हणून पावसाळ्यात फोडलं.

गवंड्याचा_पोरगा: वेल्डिंग सांगणाऱ्याला त्या गाळात उतरवा. मी बोल्ट म्हटलं.

स्कूटरस्वार: आमच्या शहाण्यांनी जाळीऐवजी पाणी अडवायला रॅम्पच्या माथ्यावर सिमेंटचा उंचवटा घातला. पाणी थांबलं. आता गाड्याही थांबतात, पोटावर.

काटकोन: हेच तर! पाणी अडवायला तोंडाशी चढ हवाच, मान्य. पण बाहेरून ५ टक्के चढ आणि लगेच २० टक्के उतार म्हणजे फरक २५ चा. तिथे टप्पा नसला की आतापर्यंत न घासणारीही घासेल.

तळमजलेवाली: म्हणजे परत रॅम्पवरच आलात. जाळी?

तिरकी_चाल: एक मीटरचा टप्पा पुरणार नाही का? की ३ म्हणजे देववाणी?

काटकोन: (नाइलाजाने) एक मीटरनेही १३ चे ८ होतात. खोटं कशाला बोलू. पण व्हीलबेस ३ मीटर असला की तेच १० होतात, आणि इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी पोटाखाली असते. शिवाय एक मीटरचा तुकडा साइटवर थापीने गोल करून टाकतात, मग तो असून नसल्यासारखा.

गवंड्याचा_पोरगा: थापीवर घसरायचं कारण नाही. नकाशात लेव्हल लिहिल्या असत्या तर केलं असतं. आमच्या हातात फक्त 'रॅम्प खाली' असा बाण येतो.

टपावरचं_ओझं: सगळे माथ्यालाच चिकटलेत. पायथ्याचं बघा. तिथे पुढची चाकं सपाटीवर, मागची उतारावर, त्यामुळे गाडीचा मधला भाग जमिनीपासून जास्त वर राहतो आणि टप बीमच्या जवळ जातो. फलकावरच्या उंचीत बसत होतो, तरी कॅरिअर बीमला लागला. वॉचमन म्हणाला, 'रोज एक तरी लागतो.' रोज!

तिरकी_चाल: बरं, ३ मीटर घ्या. कॅल्क्युलेटरवाल्यांशी कोण वाद घालणार? पण नवशिके ड्रायव्हर असतातच, हे मी मागे घेत नाही.

काटकोन: असतात. त्यांच्यासाठीच म्हणतोय. हलके घ्या.

तळमजलेवाली: आज जाळीखाली रबर घातलं. आवाज अर्ध्यावर आला. आता स्कूटरवाले माथ्यावर पलीकडचं दिसत नाही म्हणून हॉर्न देतात.

स्कूटरस्वार: मग काय करू ताई, आंधळा उडी मारू?