सुन सिमियाओला ‘औषधांचा राजा’ म्हणावं का?

रानवाट

चीनच्या शाआन्शी प्रांतात याओवांगशान नावाचा डोंगर आहे. याओवांग म्हणजे औषधांचा राजा, आणि हा राजा म्हणजे थांग काळातला ताओपंथी वैद्य सुन सिमियाओ. त्याने वाघाच्या घशात अडकलेलं हाड काढलं आणि वाघ त्याचा राखणदार झाला, अशी गोष्ट सांगतात. मला वाघाचं काही म्हणायचं नाही.

त्याचा ‘हजार मोहरांच्या मोलाचे पाठ’ (पाठ म्हणजे औषधाची कृती) हा ३० खंडांचा ग्रंथ ६५२च्या सुमाराचा. माणसाचा जीव हजार मोहरांहून मोलाचा, म्हणून हे नाव. त्यात बायकांचे आणि मुलांचे आजार आधी येतात, बाकीचे नंतर. कुष्ठरोगाबद्दल तो लिहितो, की मी स्वतःच्या हाताने सहाशेहून जास्त रोगी हाताळले. दहातला एक बरा झाला.

हे वाक्य मी तीनदा वाचलं. लोकांनी ज्याला पुढे देव मानलं, तो माणूस दहातले नऊ हातून निसटले असं स्वतःच्या ग्रंथात लिहून ठेवतो! माझ्यासाठी तो राजा आहे तो या एका आकड्यामुळे.

सहाण

आकडा प्रामाणिक आहे, मान्य. पण हाच माणूस किमयेच्या भट्टीपाशीही बसला होता. हिवतापावर तो मनशीळ आणि हरताळ घातलेली गोळी देतो. दोन्ही खनिजांत सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष असतं! पुढे थांग घराण्यातलेच सम्राट अमर व्हायच्या गोळ्या खाऊन गेले.

माझ्या आजोबांना एका वैद्याने भस्माच्या पुड्या दिल्या होत्या. मधात कालवून, रोज सकाळी अनशेपोटी. दोन वर्षांत मूत्रपिंडं निकामी झाली. त्यामुळे धातू-पाषाण खायला घालणाऱ्या कुणालाही राजा म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

रानवाट

आजोबांचं वाचून फार वाईट वाटलं. पण त्या काळी श्रीमंतांत पंचपाषाणाचं चूर्ण खायचं वेड होतं, त्यावर सुन काय म्हणतो तेही बघा. विषारी वेल खाल्लेली परवडली, पण हे चूर्ण नको. पाठ हाती लागला तर लगेच जाळा, जवळ ठेवू नका. ते वेड चालू असताना हे लिहायला धाडस लागतं.

सहाण

मग ते धाडस स्वतःच्या गोळीपर्यंत का पोचलं नाही? दुसऱ्याचा पाठ जाळायचा आणि आपला ग्रंथात ठेवायचा, हे मला पटत नाही.

कोयरी

मला तुम्हा दोघांशीही थोडं भांडायचंय. ‘ताओपंथी’ म्हणून त्याला एकाच खणात का ठेवता? त्याच्या लेखनात राजगृहाच्या जीवकाचं, म्हणजे बुद्धाच्या वैद्याचं, नाव येतं, भारतातली म्हणून अंगमर्दनाची एक पद्धतही येते. त्याच्या करुणेत बुद्धाचा वाटा मोठा आहे.

तो सांगतो, एक जीव मारून दुसरा वाचवायला जाल तर जीवनापासून आणखी दूर जाल. जळवा, गोमाशा बाजारात आधीच मेलेल्या मिळाल्या तरच विकत घ्या. अंडंसुद्धा अगदीच नाइलाज झाला तर, मन घट्ट करून वापरायचं. ज्याला त्याशिवाय भागवता येईल तो माझ्याहून थोर, असं म्हणतो. आणि तरीही गलगंडावर मेंढीच्या गळ्यातली ग्रंथी देतो, रातांधळेपणावर यकृत देतो. दोन्ही उपाय लागू पडणारे! ग्रंथीत आयोडीन असतं, यकृतात अ जीवनसत्त्व.

मला ही विसंगती ढोंग वाटत नाही. त्याचा हात अडखळत होता आणि ते त्याने लपवलं नाही. गोळीचंही तसंच असेल, सहाण.

सहाण

अंड्यापाशी अडखळला ते दिसतं. सोमलापाशी अडखळलेला मला दिसत नाही. शिवाय लू चाओलिन या कवीचं काय झालं? तरुण वयात अंग लुळं पडत गेलेला माणूस. ६७३मध्ये राजधानी छांगआनला सुनच्या सहवासात होता. बरा झाला नाही. शेवटी यिंग नदीत जीव दिला त्याने.

रानवाट

हो. पण सुन बोलायचा कसा, वागायचा कसा, हे आपल्याला बरंचसं त्या लूमुळेच कळतं. बऱ्या न झालेल्या रोग्याने वैद्याबद्दल इतक्या आदराने लिहिलंय! उत्तम वैद्य कसा असावा, हेही त्यानेच सुनला विचारलं होतं. उत्तर मिळालं: छाती मोठी हवी, मन बारीक हवं, म्हणजे धीट पण जपून. मला हे फार मोठं वाटतं.

सहाण

माझ्या आजोबांनाही त्या वैद्याबद्दल शेवटपर्यंत आदरच होता.